पाण्याला वाट

सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला. महाड आणि पोलादपूर यांच्यामधला, मुंबई-गोवा रस्त्यावरचा, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल. पुरात तो कोसळला आणि अंधारात मागून आलेल्या दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं माणसांसकट नदीत गेली. पुढे कित्येक दिवस शोध चालला होता. काही मृतदेह खाडीत पार लांबवर मिळाले. आमच्या भागातल्या माणसाला त्या दिवसांविषयी वेगळं सांगायला नको.

आठवड्यानं बाबा म्हणाले, "मला तिकडं ने."

त्यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. गुडघे गेले होते, पण डोळे शाबूत होते. जवळ कुणाला सोडत नव्हते, म्हणून आम्ही लांबच उभे राहिलो. माणसं होड्यांकडे बघत होती, कुणी हात जोडत होतं. बाबा मात्र उरलेल्या बांधकामाकडे, पाण्याच्या रेषेकडे बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "कमान कधी आपनहून पडत न्हाय, बाला. पाय हालला की कमान पडते."

बाबा गवंडी. त्यांचे बाप गवंडी. पुलाचं नेमकं काय झालं याचा निवाडा त्यांनी करायचा नव्हता आणि त्यांनी तो केलाही नाही. ते फक्त धंद्यातली गोष्ट सांगत होते. कमानीतले दगड एकमेकांना रेटून उभे असतात. वरून वजन आलं की सांधे आणखी आवळतात. तिला सळई लागत नाही. अशी कमान शंभर शंभर वर्षं गाड्यांचं वजन झेलते. पण ते सगळं वजन शेवटी पायावर उतरतं, आणि पाण्यानं पायाखालची माती खरवडली तर वरचा दगड कितीही चांगला असो, उपयोग नाही. "गवंड्याचं काम जमिनीखाली असतंय, दिसतंय ते वरचं," असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी मात्र परत येताना गाडीत काहीच बोलले नाहीत.

त्या पुलाशी आमच्या घराचा धागा होता. आमचा आजा पोरगा असताना त्या कामावर बिगारी होता, पाणी वाहायचा. एवढंच. पण आयुष्यभर पुलावरून जाताना एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत "ह्यो आमचा पूल" म्हणायचा. बाजूच्या प्रवाशांना वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय.

बांधणाऱ्याला आपल्या कामाचा असा अभिमान असतो हे आमच्या मुलखाला नवं नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. राजधानी बांधणाऱ्या माणसानं नाव कोरलं ते पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. शाळेच्या सहलीत गुरुजींनी ते दाखवलं तेव्हा मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नाव ऱ्हाऊ दे, गडावर पानी कसं साठवलंय ते बगितलंस का?" मी बघितलं नव्हतं. पुढे बघितलं. तळं खोदायचं, त्यातून निघालेला दगड बांधकामाला वापरायचा आणि खड्ड्यात पाणी धरायचं, असा एका कामात दोन कामं करण्याचा तो हिशोब होता. पावसाळ्यात पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं, हे ज्याला कळत नाही त्यानं आमच्या भागात भिंत बांधू नये.

बाबा शिकले ते काळ्या दगडावर. आमच्याकडे तो डोंगरातून, नदीतून मुबलक. घर बांधायचं ठरलं की घरमालक आधी बाबांना जागा दाखवायला न्यायचा. बाबा काही न बोलता जागेवर फिरायचे. पहार घेऊन चार ठिकाणी मारायचे आणि आवाज ऐकायचे. मुरूम लागला की आवाज वेगळा, भरावाची माती असली की वेगळा. मग वरच्या अंगाला जाऊन पावसाचं पाणी कुठून उतरतं ते विचारायचे. घरमालकाला नव्हे, त्याच्या म्हातारीला. "घरात राहनारी बाई सांगते पानी कुठनं येतंय ते, बाप्याला म्हाईत नसतंय."

पाया कातळापर्यंत किंवा घट्ट मुरुमापर्यंत नेला की जोतं. जोत्याला बाहेरून खांडकी, म्हणजे तोंडाच्या बाजूनं टाकीनं घडवलेला दगड. आत साधा दगड, फटींत चिपा ठोकून बसवलेल्या. मालकाची ऐपत असली तर चुना, नसली तर मातीच. चुना खाडीकडून यायचा, शिंपल्यांचा भाजलेला. बैल घाणीभोवती फिरायचा आणि दगडी चाकाखाली चुना-वाळू मळली जायची. असा चुना आवळायला महिनोन्महिने लागतात. त्यामुळे चुन्यातलं काम सावकाश चालायचं. आज चार थर, मग थांबायचं. आजच्या माणसाला तो आळस वाटेल.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्याकडून कोयना सह्याद्रीच्या पलीकडे, पण धक्का चांगलाच जाणवला. सकाळी बाबा आपण बांधलेली घरं बघत गावोगाव हिंडले. एका घराची भिंत फुगली होती. बाहेरचे दगड बाहेर आणि आतले आत, मधोमध पोकळी. ती भिंत त्यांच्या एका जोडीदाराच्या हातची होती. जाड दगडी भिंतीत दर काही अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालायचा असतो, तो आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकत्र बांधून धरतो. असा दगड शोधायला, उचलायला वेळ जातो, म्हणून तो टाळला होता. ही गोष्ट मला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला हजारो माणसं मेली, ती बहुतेक अशाच मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींखाली. नंतर मराठवाड्यात उरलेली घरं मजबूत करताना भिंतींना भोकं पाडून असे आरपार सांधे घालायला गवंड्यांना शिकवलं गेलं. पेपरात ती चित्रं बघून बाबा म्हणाले, "ह्ये आमच्या बापानं कान पिळून शिकवलंय."

त्या काळात गवंडी म्हणजे आख्खं घर. नकाशा त्याच्या डोक्यात, वजनाचा हिशोब त्याच्या हातात. सुतार वाशे-आढं बसवायला यायचा, पण भिंत घर उचलणार होती आणि भिंत गवंड्याची होती. उद्या काही वाकडं झालं तर लोक कोणाच्या दारात जाणार हे ठरलेलं होतं. पैसे कमी होते; बरेचदा निम्मा मोबदला भातात मिळायचा. पण जबाबदारीचा पत्ता पक्का होता.

मग सिमेंट आलं. म्हणजे देशात ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आलं होतं, पण आमच्या डोंगराच्या पायथ्याला सामान्य माणसाच्या घरात यायला सत्तरचं दशक उजाडलं. तेही परमिटवर. दहा गोणी सिमेंटसाठी कचेरीत खेटे घालायचे. तेव्हा गोणी तागाची असायची. रिकामी झाली की घरच्या बायका ती पाटावर झटकायच्या आणि ओंजळभर सिमेंट निघायचं, ते न्हाणीच्या कडेला लावायचं. सिमेंट किती मोलाचं होतं हे नव्या पिढीला सांगून पटत नाही. मी सांगतो, की सिमेंटच्या वाटपावरून झालेल्या आरोपांत १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली, आणि ते मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले, आपल्याच जिल्ह्यातल्या आंबेतचे, ज्यांनी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिमेंटवरचं नियंत्रण निम्मंअर्धं उठलं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर नाक्यावरच्या दुकानात गोणी मिळायला लागली आणि गावाचं रूप बदललं.

पैसा मुंबईचा. आमच्या दोन्ही तालुक्यांत घरटी एक माणूस मुंबईत. गिरणीत, गोदीत, पुढे रिक्षा-टॅक्सीवर. १९८२ च्या संपानं कितीतरी गिरणी कामगार कायमचे गावी आले, पण ज्यांची पोरं नोकऱ्यांना लागली त्यांनी नव्वदीत गावी घर बांधायला काढलं आणि प्रत्येकाला हवा होता तो स्लॅब. कौलं शाकारायची कटकट नाही, माकडांचा त्रास नाही. ते खरंच होतं. दर मे महिन्यात कौलं परतणारी माझी आई स्लॅबचं नाव काढलं की खूश व्हायची. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पावसाळा गळत्या कौलाखाली टोप मांडत काढावा, मग बोलावं.

आमच्या वाडीत पहिला स्लॅब पडला तो दिवस जत्रेसारखा होता. खडी-वाळू-सिमेंट फावड्यानं कालवत होते, बायामाणसांची रांग हातोहात घमेली वर देत होती, संध्याकाळी सगळ्या कामगारांना मटणाचं जेवण. बाबा बाजूला उभे होते. त्या घराच्या भिंती त्यांच्याकडे होत्या, पण त्या नंतर बांधायच्या होत्या. आधी कॉलम, बीम, स्लॅब. मग मधल्या चौकटी विटांनी बुजवायच्या. मला वाटतं त्यांना त्या दिवशी कळलं, की घर आता भिंतीवर उभं राहणार नाही. तीन हजार वर्षं भिंतीनं छप्पर उचललं आणि एका उन्हाळ्यात तिची नोकरी बदलली. आता ती पडदा.

धंद्याचेही तुकडे झाले. सळई बांधणारा वेगळा, सेंट्रिंगवाला वेगळा, काँक्रीट ओतणारे वेगळे, वीटकामाचा आणि गिलाव्याचा गवंडी वेगळा, वर सगळ्यांना रोज देणारा ठेकेदार. प्रत्येकाचा रेट फुटावर. फुटावर रेट आला की ओळंबा सोडायला वेळ जातो असं वाटायला लागतं. बाबा चार थरांमागं एकदा ओळंबा सोडायचे, दोरी ताणायचे, उभे सांधे एकावर एक येत नाहीत ना बघायचे, वीट आधी पाण्यात बुडवून ठेवायचे. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. पोरं हसायची. "आजोबा, भिंतीवर वजन कुठाय?" वजन नाही हे खरं. पण भिंतीतून पाणी येतंच, आणि पाणी आलं की ते कॉलमच्या सळईपर्यंत जातं. गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडून काढते. म्हणजे पडदा झालेली भिंतसुद्धा घर पाडू शकते, जरा उशिरानं.

सिमेंटला चुन्यासारखा धीर नसतो. कालवल्यापासून अर्ध्या तासानंतर ते कधीही आवळायला लागतं. दुपारी जेवायच्या आधी कालवलेला मसाला जेवून आल्यावर पाणी ओतून परत हलवला तर तो मऊ होतो, पण त्याचा जीव गेलेला असतो. आणि नंतर निदान सात दिवस ते ओलं ठेवायला लागतं. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथे एप्रिल-मेमध्ये स्लॅबवर पाणी साठवायचं कुठून? पाऊस चार महिने नुसता कोसळतो म्हणून बांधकाम उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात पाणी नाही. आमच्याकडच्या कितीतरी कच्च्या स्लॅबांचं कारण एवढंच आहे. बाया हंडाभर पाणी स्लॅबवर ओतायला तयार नसायच्या, आणि त्यांचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

२४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी खाली बसली. सोळा माणसं गेली. ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. इमारत दहा वर्षांच्या आसपासची. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा पूल आणि दहा वर्षांची इमारत, चार वर्षांच्या अंतरानं, एकाच तालुक्यात. या दोन्हींची तुलना करून 'जुनं ते सोनं' म्हणणारे मला भेटले. मला ते पटत नाही. चांगलं काँक्रीट दगडाइतकंच इमानी असतं. मला त्या बातम्या वाचताना एकच गोष्ट टोचत होती. तिथे कोणत्या तरी गवंड्यानं, कोणत्या तरी सळईवाल्यानं काम करताना काहीतरी बघितलं असणारच, आणि त्याचं ऐकून घ्यायला कुणी नसणार. हे मी एवढ्या खात्रीनं म्हणतो, कारण माझ्या स्वतःच्या घरात ते झालं होतं.

आमचं घर मी २००७ मध्ये पाडून स्लॅबचं बांधलं. बाबांनी हरकत घेतली नाही. जुन्या जोत्याच्या खांडक्या मात्र विकू दिल्या नाहीत, परड्यात रचून ठेवल्या. २०१८ मध्ये घराच्या मागचा डोंगर थोडा कापून गाडी लावायला जागा केली. कापलेल्या दरडीला संरक्षक भिंत हवी होती. ठेकेदार ओळखीचा. बाबा काठी टेकत तिथे गेले आणि म्हणाले, "भोकं ठेवा. खाली दोन रांगा. मागनं दगडगोटे भरा, मग माती."

ठेकेदार म्हणाला, "बाबा, काँक्रीट आहे. भोकं ठेवली तर भिंत कमजोर होते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी शिकलेला, माझ्या शब्दाला वजन होतं. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही घरात बसा. त्यांना करू द्या."

ते घरात गेले. नंतर कधी त्या भिंतीचा विषय काढला नाही. २०१९ च्या थंडीत ते गेले.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरात चोवीस तासांत साडेपाचशे मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, आणि सावित्री तिथूनच येते. महाड पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरातही दरडी कोसळल्या. त्यापुढे आमच्या घरी जे झालं ते काहीच नाही. पहाटे मागून मोठा आवाज झाला. भिंत मधून फुटली नव्हती. अख्खी, एका तुकड्यात, पुढे कलंडून स्वयंपाकघरावर आली होती. ओट्याच्या बाजूची वीटभिंत आत पडली. आई त्या रात्री पुढच्या खोलीत झोपली होती, एरवी ती चुलीच्या उबेला मागेच झोपते. भिंत तशी मजबूतच होती, म्हणून तर फुटली नाही. मागच्या मातीत तीन दिवसांचं पाणी साठलं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि पाणी भिंतीला ढकलत राहिलं. मातीपेक्षा पाण्याचा रेटा फार मोठा असतो. हे मला नंतर एका इंजिनिअरनं कागदावर आकडे मांडून समजावलं. कागदावरचं उत्तर होतं: खाली दोन रांगा भोकं, मागे दगडगोटे.

माझ्या चुलतभावाचा मुलगा तेव्हा गवंडीकामात नुकता पडला होता. घरकुलांच्या योजनेतून गवंड्यांना पंचेचाळीस दिवसांचं प्रशिक्षण देतात. एक खरं घर बांधत बांधत शिकवतात आणि प्रमाणपत्र देतात. त्यानं ते केलं होतं. बाबांकडे आयुष्यात एकही कागद नव्हता, आणि कामगार मंडळात नाव नोंदवायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो म्हणून तेही कधी झालं नाही. पोराकडे मात्र कागद आहे आणि हातही आहे. तो सांगत होता, की जिल्ह्यात मोठ्या कामांवर आता परप्रांतातले मिस्त्री असतात, झपाट्यानं काम करतात. गावातली पोरं एमआयडीसीत जातात. तळीयेच्या लोकांसाठी तर म्हाडानं तयार भाग जोडून उभी होणारी घरं घेतली. तिथे गवंड्याला पाया आणि फरशी एवढंच. "पन पाया हाय ना, काका," तो म्हणाला.

पुढच्या मे महिन्यात त्यानं आमची मागची भिंत परत बांधली. काँक्रीटची नव्हे, दगडाची, खाली रुंद आणि वर अरुंद, डोंगराकडे किंचित झुकलेली. परड्यातल्या बाबांच्या खांडक्या त्यानं तोंडाला वापरल्या. दर तीन-चार फुटांवर आरपार दगड घातला, तो मी स्वतः उभा राहून मोजला. मागे हातभर रुंदीचे गोटे भरले आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या दोन रांगा ठेवल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. रात्री मी बॅटरी घेऊन मागे गेलो. खालच्या रांगेतल्या नळ्यांतून आधी गढूळ पाणी आलं, मग नितळ. उजवीकडची एक नळी कोरडी होती. सकाळी पुतण्याला फोन केला. तो लगेच आला, सळईचा तुकडा आत घालून दोनदा फिरवला. आतून अडकलेला पालापाचोळा निघाला, आणि मागोमाग पाण्याची धार त्याच्या चपलांवर पडली.